दोनदा कॉफी

प्रिय खारूताई,

हे नाव आमच्या लेकीनं तुला दिलेलं, तुझ्या पर्समध्ये कायम शेंगदाणे असायचे म्हणून. दुसऱ्या नावानं हाक मारायला माझी जीभ वळत नाही. ती गेल्यावर तू वर्षभर घरी येत होतीस. मग एकदा माझं भाषण ऐकलंस आणि यायची थांबलीस. का, ते मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं.

दुकान चालू आहे. नवे कपडे शिवत नाही आता, फक्त घट्ट-सैल करणं आणि चेन बदलणं. घरी पुढच्या खोलीचा पडदा अजून लावलेलाच असतो. तिच्या मागे लागलेला तो माणूस समोरच्या बसथांब्यावर उभा राहायचा तेव्हा पोलीस म्हणाले होते, पडदा लावा, दुर्लक्ष करा. आम्ही केलं. तिला मारून तो तुरुंगात गेला त्याला तीन वर्षं झाली, तरी तो पडदा सरकवायला हात धजत नाही. खिडकीतलं झाड मेलं. भरदिवसा दिवा लावावा लागतो म्हणून काका कुरकुरतात, पण पडद्याला तेही हात लावत नाहीत.

भाषणं मात्र थांबत नाहीत. शाळा, ऑफिसं, पोलिसांची शिबिरं. सगळीकडे तिचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावतात, तोच, ज्याला ती 'उपाशी मास्तरीण' म्हणायची. मी सांगते, माझी मुलगी कुणाच्या अध्यात ना मध्यात, वेळेवर घरी येणारी, त्या माणसाशी ती एक शब्दही बोलली नव्हती. या वाक्याला लोक रडतात आणि मी पाणी पिते. परवा घसा कोरडा पडायच्या आधीच हात पेल्याकडे गेला, आणि मला माझीच किळस आली.

अशी होती का गं ती? लवंगी मिरची होती. रस्त्यावर कुणाशीही भांडायची, थापा मारून सिनेमाला जायची, माझी लिपस्टिक संपवून रिकामी नळी जागेवर ठेवायची. पण पहिल्याच सभेत एकानं उठून विचारलं, तिनं त्याला काही प्रोत्साहन दिलं होतं का? त्या क्षणी मला तिला झाकावंसं वाटलं, आणि तुलाही. तिला मारणारा तुझ्याच ऑफिसातला, दोघांची ओळख तू करून दिलेली. लोकांनी सगळं खापर तुझ्या डोक्यावर फोडलं असतं. कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला, म्हणून कुणी काही उकरलं नव्हतं. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

गेल्या आठवड्यात एक मुलगी कोट घट्ट करायला आली. त्याच कोटाला मी नुकतीच टीप घातली होती, तोवर ती आणखी वाळली होती. ज्याच्याशी लग्न ठरून मोडलं, तो रोज तिच्या ऑफिसबाहेर उभा असतो. मी तोऱ्यात सांगितलं, थांब, पाठलाग करणाऱ्यांविरुद्धचा आपला नवा कायदा येतोय. ती म्हणाली, काकू, मी मसुदा वाचलाय, मी त्यात बसत नाही. 'अनोळखी व्यक्तीने पाठलाग केल्यास' असं लिहिलंय. तोंडातल्या टाचण्या मी एकेक काढून डबीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मसुदा लिहिणाऱ्या समितीच्या साहेबांना विचारलं, हा शब्द आला कुठून? तुमच्याच कहाणीवरून घेतला की, असं ते कौतुकानं म्हणाले. ज्या कायद्यासाठी मी चपला झिजवल्या, तो माझ्या लवंगीच्याच कामी आला नसता.

बुधवारी समितीपुढे मला शेवटचं बोलायचंय. मी सांगणार आहे की ती त्याला ओळखत होती, दोनदा आपणहून त्याच्याबरोबर कॉफी प्यायला गेली, तिसऱ्यांदा 'नाही' म्हणाली, आणि ते 'नाही' पुरेसं होतं. मला खोटारडी म्हणतील. तिला काय म्हणतील, ते तुला ठाऊक आहे. तुझा उल्लेख येणार नाही. आणि तुझा काडीचाही दोष नव्हता, हे मी तुला तेव्हाच समोर बसवून सांगायला हवं होतं. पण त्या दोन संध्याकाळींचं मला काहीच माहीत नाही गं. मला तिनं फक्त शेवट सांगितला, आधीचं तुलाच सांगितलं असणार. बुधवारच्या आधी ये. पहिल्या दिवशी ती माझी लिपस्टिक लावून गेली, एवढं मी पाहिलं होतं. परत येताना ती हसत होती का, ते मला सांग.

तुझीच,
काकू