ताईच्या वेबसाइटचा वेग

३ जून, सकाळी ९
ताईच्या शिवणकामाची वेबसाइट सुरू केली. एकट्याने. माझ्या लॅपटॉपवर डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडते. शनिवारी शाळेच्या मुख्याध्यापिका त्यावर ताईचं काम बघणार, मग गणवेशांची ऑर्डर. ताईला म्हटलं, निर्धास्त राहा.

४ जून
ताई म्हणते, तिच्या फोनवर एकोणचाळीस सेकंद लागतात. बॉबिन भरता भरता मोजले म्हणे. फोन जुना आहे, दुसरं काय.

५ जून
दाजींच्या नव्याकोऱ्या फोनवर एकेचाळीस. उपाय: साइट उघडेपर्यंत गोल फिरणारं चाक टाकलं, लोकांना कंटाळा नको. आता चव्वेचाळीस. दाजी म्हणाले, चाक मात्र झकास आहे. दाजींना कळतं.

६ जून, संध्याकाळी ७
कारण सापडलं! ताईचे फोटो. बारा वर्षांच्या कामाचे बासष्ट. तिला स्पष्ट सांगितलं, वेबसाइट म्हणजे कपाट नव्हे, हवं ते कोंबायला. बिचारी ओशाळली. चार फ्रॉक ठेवले, बाकी उडवले. वेळ: चाळीस. प्रगती आहे.

७ जून, दुपारी १
ऑफिसात सॉफ्टवेअरच्या चुका शोधणाऱ्या टेस्टरबाईंना सहज दाखवली. म्हणाल्या, तुमचा लॅपटॉप एकदा उघडलेलं पान जपून ठेवतो आणि तेच दाखवतो, म्हणून तुम्हाला वेग दिसतो. हे मला माहीत होतं. म्हणजे साधारण.
मग म्हणाल्या, पानाच्या तळाशी एक फोटो आहे, कॅमेऱ्यातून निघाला तसाच चढवलाय. बाकीचे सगळे मिळूनही त्याच्या पासंगाला पुरणार नाहीत. कोणाचा आहे?
‘संकल्पना व निर्मिती’ या शब्दांवरचा. स्टुडिओत मुद्दाम काढून घेतला होता, कोट घालून.
म्हणालो, एका नातेवाइकाचा. बाईंनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

७ जून, दुपारी ३
फोटो लहान केला. दोन सेकंद! ताईचे फोटो उद्या सवडीने परत टाकू. आज डोकं दुखतंय.

८ जून, सकाळी ११
दाजींकडून कळलं. मुख्याध्यापिकांनी काल दोनदा साइट उघडली. सकाळी नुसतं चाक फिरत राहिलं. संध्याकाळी झटकन उघडली: चार फ्रॉक आणि मी. ऑर्डर दुसऱ्या शिंप्याला गेली.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. ठरलं. आजच्या आज ताईला सगळं खरं सांगायचं. कोटासकट.

८ जून, दुपारी १२
गेलो होतो. दार उघडंच होतं. ताई मशीनवर पाठमोरी, खांद्याशी फोन धरून मुख्याध्यापिकांशी बोलत होती. म्हणत होती, “नाही हो बाई, भावाने जीव तोडून केलं सगळं. चूक माझीच. मीच नको तितके फोटो कोंबले होते.”
चपला हातात घेऊन जिना उतरलो.