तीख्या आबाची क्रीम

१६ जानेवारी, शुक्रवार

नात आली! लेक ममता सुरतहून घेऊन आली तिला. पुढच्या रविवारपर्यंत मुक्काम. नाव हेत्वी, वय अडीच. मी आपला ठकूच म्हणणार.

मिरची वाळवायच्या पथारीवरून जवळजवळ पळतच घरी आलो. हातपाय धुतले, तोंड विसरलो. पोरीला उचलून गालाला गाल लावला — आणि तिने असा टाहो फोडला की शेजारची सुंदरबाई तव्यावरची भाकरी सोडून धावली. गाल लालबुंद झाला लेकराचा. "आबा तीखा! आबा तीखा!"

सगळे हसले, मीही हसलो. पण वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू?

१७ जानेवारी

जवळ येत नाही. मी ओसरीवर आलो की ही गजराआजीच्या पदराआड! साबणाने घासघासून तोंड धुतलं. तिने एक बोट माझ्या गालाला लावलं आणि झटकन मागे घेतलं. ममता म्हणाली, "आप्पा, तुमना गाल दखा तरी आरसामा. कसा खडबडीत व्हयी ग्यात!"

पाहिले. जन्मभर मिरची वाळवतोय, वरून ही थंडी. भेगाच भेगा. आता पोर अंगाखांद्यावर आली नाही तर मग एकदम दिवाळीत भेट. तोवर तिच्या डोक्यात तीखा आबाच राहणार ना!

ममताने उपाय सांगितला — मॉइश्चरायझर. पुरुषांचं वेगळं येतं म्हणे. आपल्याला काय ठाऊक!

१८ जानेवारी, रविवार

नवनीतच्या मेडिकलवर गेलो. आधी उगाच खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. गर्दी हटेना, शेवटी हळूच विचारलं. हा गाढव ओरडला — "भाईदासकाका, तोंडनी क्रीम का? पुरुषासनी?" अख्ख्या दुकानाने माना वळवल्या.

काउंटरवर डब्याच डब्या मांडल्या त्याने. एकीत कोळसा! तोंडाला कोळसा फासायला पैसे मोजायचे? दुसरीने चेहऱ्यावरचं तेल कमी होतं. म्हटलं, भाऊ, होतं तेही केव्हाच वाळलं. मग म्हणतो, "काका, तुमनी स्किन कशी शे? ऑइली का ड्राय?"

"तिखट," म्हटलं मी. दुकानभर हशा!

बिनवासाची एक घेतली. पण घरी नेली असती तर गजराने गल्लीभर सांगितलं असतं. सरळ पथारीवर गेलो, थोडी लावून पाहिली आणि डबी बारदानाखाली सरकवून दिली. तिथे कोण बघतंय!

१९ जानेवारी

वा रे हुशारी!

काम सुटल्यावर हात स्वच्छ धुतले. डबी काढली. गाल, कपाळ, नाक — सगळीकडे मनसोक्त चोळली. काल झाकण नीट लागलंच नव्हतं! दिवसभर मिरचीची धूळ आत उडत होती. सगळं आयुष्य मिरचीत गेलं, आणि ही अक्कल!

तोंडाची नुसती आग आग. धावत घर गाठलं. गजराने आधी पातेलंभर दही तोंडावर थापलं, मग विचारलं, "बठ्ठी पथारीच तोंडले लाई उनात का?" अख्खी पथारी फासून आलो का म्हणे! सांगावंच लागलं. हसून हसून तिच्या डोळ्यांना पाणी. "या वयमा कोणले दखाडनं शे हाई तोंड?"

"नातीले," म्हटलं. मग दही हळू हाताने लावायला लागली.

तेवढ्यात ठकू आली. माझं पांढरं तोंड पाहिलं आणि खदखदा हसत सुटली. बोट पुढे करून थेट माझ्याकडे यायला लागली! मी उठून पळालो — दह्यात मिरची उतरलेली, तिच्या बोटाला लागली असती तर? मी पुढे, ती मागे, अंगणभर! "आबा, ऊभो रे! ऊभो रे!" गाल पेटलेले आणि मी हसतोय. ममताने मध्येच पकडली तिला, नाहीतर दमलोच होतो.

२१ जानेवारी

आज मेडिकलवर आमची वरात. गजराने बजावलं, "तुमना भरोसा नही. मी निवडसू."

निवडली ठकूने! नवनीतने एकेक डबी उघडून तिच्या नाकापुढे धरली. पुदिना — नाक मुरडलं. चंदन — शिंकली. तिसरीला संत्र्याच्या सालीसारखा वास. तिने बोट बुडवलं आणि तोंडात घालणार, तोच गजराने मनगट धरलं. "हाईच दे रे भाऊ."

डबी आता घरातच, फळीवर. मसाल्याच्या डब्यापासून लांब!

२४ जानेवारी

रोज संध्याकाळी ठकू मला क्रीम लावते. अर्धी मिशांना. मग गालाला गाल टेकून बसते. आज टेकल्या टेकल्या झोपली. पायाला मुंग्या आल्या, मी हललो नाही. गजरा जेवायला हाका मारून थकली. फार आनंद आहे. फार!

२५ जानेवारी, रविवार

गेली.

२८ जानेवारी

क्रीम बंद केली. कोणासाठी लावायची? गजरा म्हणते, "लावा ना वो, चांगला दिसतस." नको म्हटलं. डबी कपाटात टाकली.

२ फेब्रुवारी

ममताचा फोन. काल त्यांच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये कोणी अनोळखी माणूस शिरला. तीच क्रीम लावली असणार, तोच संत्र्याचा वास. ठकूने त्याच्या पायाला घट्ट मिठी मारली. "आबा! आबा!" मग वर तोंड पाहिलं, आणि रडायला लागली.

डबी कपाटातून काढली. लावून बसलोय.