खानावळीची किंमत, त्रिशला वगळून

मी, राजमती भुजबली मगदूम, वय ७४, राहणार निपाणी, जिल्हा बेळगावी, हे मृत्युपत्र कोणी सांगितलं म्हणून नव्हे, तर मला वाटलं म्हणून करते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. याआधी असा कागद मी केलेला नाही.

१. राहतं घर मुलगा विनय याला. मागची भिंत पाझरते, ती त्याने दुरुस्त करावी. मी सांगून दमले.

२. बँकेतली ठेव नात रचना हिच्या शिक्षणासाठी. माझ्या नावाने जेवणावळ घालू नये. जन्मभर मी दुसरं काय केलं?

३. आता स्टँडजवळची भुजबली खानावळ. यजमान वारले तेव्हा वाटण्या झाल्या. दिरांना तंबाखूची वखार, मला खानावळ. पंच म्हणाले, "चार भांडी नि दोन चुली, त्याची काय किंमत धरायची? बाई रांधतीच की घरात." वखार विकून दिरांनी पैसे कधीच उडवले. खानावळ अजून चालते. दिरांना मी क्षमा केली आहे. पर्युषणात दरवर्षी करते, आणि दरवर्षी पुन्हा करावी लागते.

४. गेल्या दिवाळीत विनयने खानावळ विकत घ्यायला कोल्हापूरचं एक गिऱ्हाईक आणलं. धंद्याची किंमत ठरवायला बेळगावीहून नागेंद्र हा हिशेबनीस आला. पोरगा सज्जन आहे. आठवडाभर इथेच जेवला, गाळा, फ्रिज, तांब्याचे हंडे, वर्षाची आवक सगळं पाहिलं. आमची खानावळ जैनांची, कांदा-बटाटा नाही आणि दिवेलागणीच्या आत चूल बंद, म्हणून त्याने थोडी किंमत उतरवली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. धर्म पाळायचा तर तोटा सोसावाच लागतो.

पण कागदावर आकडे दोन होते. सून त्रिशला पुढे तीन वर्षं कामाला राहणार असेल तर चाळीस लाख, नसेल तर बावीस. व्रताच्या स्वयंपाकाच्या ऑर्डरी तिच्या शब्दावर येतात, चिकोडीचे व्यापारी तिच्या हातच्या आमटीसाठी गाडी थांबवतात, हे त्याने बरोबर हेरलं होतं.

"वैनी ऱ्हातील न्हवं?" त्याने विनयला विचारलं.

"ऱ्हाणारच की. जाणार कुठं?" विनय म्हणाला.

त्रिशला तिथेच भाकरी थापत होती. दोघे बाहेर गेल्यावर म्हणाली, "आत्ती, फ्रिजाबरुबर माझी बी किंमत झाली. मला कुणी इचारलं न्हाय." तिचा हात काही थांबला नाही. वीस वर्षं ती चुलीपुढे आहे, आणि घरचीच म्हणून तिला पगार कधी लावलेला नाही.

५. म्हणून खानावळीचा गाळा, भांडी आणि नाव विनय व त्रिशला यांना निम्मं-निम्मं. विक्री दोघांच्या सहीनेच व्हावी, एकाच्या सहीने झालेली माझ्या इच्छेविरुद्ध समजावी. घेणाऱ्याला रात्री चूल पेटवायची असेल तर त्याने खुशाल पेटवावी, पण यजमानांच्या नावाची पाटी आधी उतरवावी.

६. विनयचं म्हणणं, पैसा घरातच येणार, मग कोणाच्या नावाने का येईना. विनय, बायकोचे हात नवऱ्याच्या सहीने विकता येत नाहीत. तुला राग येईल, येऊ दे. तू माझा लाडका आहेस आणि या बाबतीत साफ चुकला आहेस.

७. चाळीस आणि बावीस यांतल्या फरकाबद्दल वकिलांनी लिहिलं होतं, "सदर रक्कम मी माझी सून त्रिशला हिला देत आहे." ते वाक्य मी खोडायला लावलं. त्रिशलाला राहायचं असेल तर ती रक्कम सरळ तिच्या खात्यात जमा व्हावी. जायचं असेल तर तिने जावं, कोणी आडवं येऊ नये, आणि बावीसच मिळाले तर बावीसच घ्यावेत. पण मी देते असं कुठेही लिहू नये. मृत्युपत्रात आपलं असेल तेवढंच देता येतं. हे माझं कधीच नव्हतं.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्याच मनातला आहे.

सही: राजमती भुजबली मगदूम

साक्षीदार:
१) नागेंद्र हिरेमठ, बेळगावी. (आकडे मीच काढले होते.)
२) मालुबाई खोत, शेजारीण. (सही कन्नडमध्ये)

स्थळ: निपाणी
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५