स्थळप्रत

सातारा
१ सप्टेंबर १९७४

चि. शालूस,

येसूआत्याचा जयभीम आणि एक गालगुच्चा.

तुझे पत्र पोचले. मजकूर उत्तम, अक्षर मोत्यासारखे. पण शेवटी ‘या पत्राची स्थळप्रत माझ्याकडे आहे’ हे वाचले आणि मी कोर्टाच्या व्हरांड्यात एकटीच हसत सुटले. अगं, आत्याला लिहिलेल्या पत्राचीही कार्बन कॉपी? शाळामास्तरीण झालीस म्हणजे घरातही जावक क्रमांक टाकशील काय? वहिनी सांगत होती की दूधवाल्यालाही तू दूध पातळ असल्याचा लेखी अर्ज दिलास आणि त्याचा अंगठा घेतलास!

नव्या गणिताच्या प्रशिक्षणाला सांगलीला जाणार आहेस, छान. कुंडलहून रोज जाऊन-येऊन जमणार नाही, हेही खरे. सोबत सुलाबाई आहेत म्हणून निर्धास्त आहे. नवे गणित शिकून आलीस की मला शिकव. माझे जुनेही कच्चेच आहे.

तुझ्या अण्णांना सांग, दादा, गुडघ्याला तेल लावत जा. पलटण सुटून दहा वर्षे झाली, आता पहाटे परेड नको.

तुझी खोडकर आत्या,
येसू


कुंडल
१४ सप्टेंबर १९७४

ती. येसूआत्यास,

सविनय जयभीम वि. वि.

हे पत्र तुम्ही एकट्या असताना वाचा.

दुसऱ्या दिवशी सुलाबाईंना ताप भरला, त्या गावी गेल्या. बुधवारी, अकरा तारखेला, प्रशिक्षण दुपारी संपले. मी सामान आवरायला स्टँडजवळच्या लॉजवर आले. आमच्या खोलीची आतली कडी आदल्या दिवसापासून निखळली होती, तशी मी तक्रारही केली होती. मॅनेजर दुसरी किल्ली लावून आत आला. खाली रस्त्यावर लाउडस्पीकर चालू होता. मी ओरडले, ते कुणालाच ऐकू गेले नाही. पुढे तो प्रकार झाला. तुम्ही वकील आहात, समजून घ्याल.

संध्याकाळच्या गाडीने घरी आले आणि आईला सांगितले. आईने पाणी तापवले, मला न्हाऊ घातले आणि माझी साडी विहिरीवर नेऊन धुतली. दुसऱ्या दिवशी मी सवयीने शाळेत गेले, प्रशिक्षणाची फाइल नाथाजी गुरुजींच्या टेबलावर ठेवली आणि घरी येऊन झोपले. अण्णांनी कोयता काढला होता. आईने त्यांचे पाय धरले.

काल अण्णा मला सांगलीला घेऊन गेले. ज्या ठाण्यावर गेलो तिथल्या माणसाने आधी जात विचारली, मग लॉजवर एकटी का राहिलीस ते विचारले, आणि चार दिवस विचार करून या म्हणाला. त्याने काही लिहून घेतले नाही.

आत्या, सांगण्यासारखे असे माझ्याजवळ काय आहे? त्याचा शब्द आणि माझा शब्द, दुसरे काही नाही. त्याचे कोणीही ऐकेल.

या पत्राची स्थळप्रत मी ठेवलेली नाही.

आपली,
शालू


सातारा
१७ सप्टेंबर १९७४

माझ्या वाघिणी,

जयभीम. आशीर्वाद नंतर देते, आधी रागावते.

तू ‘तो प्रकार’ असे लिहिलेस. त्याला शब्द आहे: बलात्कार. कायद्याच्या पुस्तकात तो छापलेला आहे, कलम तीनशे शहात्तर. शब्द घाण नाही, कृत्य घाण आहे, आणि ते तुझे नाही. हा शब्द आपण तोंडात धरायला लाजतो म्हणून तर असली माणसे दुसरी किल्ली खिशात घालून फिरतात. पुढच्या पत्रात तो मला तुझ्या अक्षरात हवा.

आता ऐक. फौजदारी कामकाजाचा नवा कायदा एप्रिलपासून लागू झाला आहे. ठाण्याने फिर्याद लिहून घेतली नाही तर सगळी हकीकत लेखी करून पोलीस सुपरिंटेंडेंटना टपालाने पाठवता येते. त्यांनीही ऐकले नाही तर थेट मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहता येते. दार एकच आहे असे कुणी सांगितले तर ऐकू नकोस. आणि तुझ्यासारखीला आवडेल असे एक: फिर्यादीची नक्कल फिर्याद देणाऱ्याला लगेच आणि फुकट मिळाली पाहिजे, असे आता कायद्यातच लिहिले आहे. म्हणजे बघ, दिल्लीत बसून कुणीतरी तुझाच विचार केला!

साडी धुतली म्हणून वहिनीला कुणी एक शब्द बोलायचा नाही. लेकीच्या अंगावरची घाण आईने धुतली, एवढेच तिला कळले. धुतलेली साडीही पोलिसांना द्यायची. दवाखान्यात आजही जायचे, अंगावरचे वळ पाच-सहा दिवसांनीही बोलतात, आणि तपासायला बाई डॉक्टर मागायची. त्याच दिवशी तू आईला सांगितलेस, हाही पुरावा आहे. आणि सगळ्यांत मोठा पुरावा तू स्वतः. एकट्या बाईचा शब्द खरा वाटला तरी शिक्षा देता येत नाही, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. न्यायाधीशांना आधार मागायची सवय आहे, ती गोष्ट वेगळी.

लॉजच्या मालकालाही मी सोडणार नाही. ज्याने कडी दुरुस्त केली नाही, ज्याने कुणाही माणसाच्या हाती खोलीची किल्ली दिली, त्याच्यावर दिवाणी दावा वेगळा लावता येतो. लोक म्हणतील पैशासाठी केले. म्हणू देत. छपराखाली माणूस ठेवून घेतला की त्याची राखणही पदरात येते, हे त्याला कोर्टानेच शिकवायला हवे.

खोटे गोड मात्र बोलणार नाही. समोरचा वकील तुझ्या चारित्र्यावर प्रश्न विचारील, आणि आजचा कायदा त्याला ते करू देतो. चोरी झालेल्याला कुणी विचारत नाही की तू याआधी कुणाला काय दिले होतेस, बाईला विचारतात. मी मरेपर्यंत या कलमाविरुद्ध प्रत्येक चौकात बोलणार आहे. पण आज ते आहे, आणि त्याच्यासकट आपल्याला लढायचे आहे.

एक सांग. कडीची तक्रार तोंडी केलीस की लेखी?

दादाला सांग, कोयता उसाला ठेव. त्याने हात उचलला तर पिंजऱ्यात तो उभा राहील आणि तो मॅनेजर साक्षीदार होईल. मी गुरुवारच्या पहिल्या गाडीने येते.

तुझ्या पाठीशी नाही, शेजारी उभी असलेली,
येसूआत्या


कुंडल
२९ सप्टेंबर १९७४

ती. येसूआत्यास,

सविनय जयभीम वि. वि.

तुम्ही परत गेलात आणि घर एकदम शांत झाले. आई म्हणते, येसूवन्सं बोलत होत्या तवर मला भ्या वाटत न्हवतं.

सुपरिंटेंडेंट साहेबांकडे पाठवलेल्या अर्जाचा परिणाम झाला. बलात्काराची फिर्याद नोंदवली गेली. हा शब्द मी ठाण्यात मोठ्याने उच्चारला, लिहिणाऱ्याने मान वर करून पाहिले, मी खाली पाहिले नाही. नक्कल मागितल्यावर तो म्हणाला, उद्या या. मी बाकावर बसून राहिले. तासाभराने नक्कल मिळाली. मॅनेजरला अटक झाली आहे.

कडीचे तुम्ही पत्रात विचारलेत आणि इथे आल्यावर गडबडीत ते राहून गेले. आत्या, मी तोंडी तक्रार कधी केली आहे का? दहा तारखेला सकाळी मी दोन कागदांमध्ये कार्बन घालून अर्ज लिहिला: खोली क्रमांक सातची आतली कडी निखळली आहे, दुरुस्त करावी किंवा खोली बदलून द्यावी. शाळेची सूचनावही फिरते तेव्हा प्रत्येकाला ‘पाहिले’ लिहून सही करावी लागते, तशी मी स्थळप्रतीवर मॅनेजरकडून करून घेतली. तो हसला, म्हणाला, बाई, तुमी तर लॉजची शाळा केली. आणि झोकात सही ठोकली.

मूळ अर्ज लॉजवर राहिला. स्थळप्रत कुठे ठेवली ते मला आठवेना. घर पालथे घातले. काल शाळेत कळले, ती प्रशिक्षणाच्या फाइलीतच राहिली होती. आणि नाथाजी गुरुजी तुम्हाला माहीतच आहेत. टेबलावर चिमणी बसली तरी तिच्यावर शिक्का मारतील. त्यांनी फाइलीतला प्रत्येक कागद नोंदवला होता: आवक क्रमांक २१२, दिनांक १२ सप्टेंबर.

तुम्ही सांगाल त्याप्रमाणे पुढे करीन.

तुमची,
कार्बनवाली शालू


कुंडल
८ डिसेंबर १९७४

चि. येसू हिला,

दादाचा जयभीम.

मी कवा पत्र लिवत न्हाई हे तुला ठावं हाय. पलटणीत आसताना बी दोस्ताकडनं लिवून घ्यायचो. पन हे मलाच लिवायचं हाय.

काल लॉजच्या मालकाचा मानूस आला व्हता. आप्पासो नाव. धोतर लय पांढरं, बोलनं त्याहून पांढरं. चा पिऊन झाल्यावर म्हनला, मॅनेजर बिनलग्नाचा हाय, जातपात बी बगत न्हाई, पोरीशी लगीन लावून टाकू, केस मिटंल आन् तुमची अब्रू बी वाचंल. शालू आतच व्हती, तिनं समदं ऐकलं. माजं हात कोयत्याकडं गेलं, पर तुजं पत्र आठवलं, मग हातावर बसलो.

तवा तुजी वयनी चंद्रा चुलीपासनं उठली. साडी धुतली म्हनून हिला तीन महिनं घास गोड लागला न्हाई. ती सरळ त्याच्यासमोर आली आन् इचारलं, आवं, तुमच्या घरात चोर शिरला तर त्याला जावई करून घेता व्हय? आप्पासो कपबशी तशीच ठेवून उठला. पायताण घालायचं बी ध्यान ऱ्हायलं न्हाई, फाटकापासनं परत आला.

येसू, मी दोन लढाया बगितल्या. फाटकाबाहेर पळणारी मानसं बी बगितली. पन आशी बायको आन् आशी लेक माज्या घरात हाय हे मला काल कळलं.

तारीख पडली की कळव. आमी तिगंबी येनार.

तुजा दादा,
गुंडा भंडारे, हवालदार


सातारा
११ मार्च १९७५

चि. शालूस,

जयभीम आणि पाठीवर एक दमदार थाप.

सोमवारी तुझी साक्ष. सरकारी वकिलांशी बोलले. त्यांच्या शेजारी मी असेन. कोर्टाचे दार बंद ठेवून साक्ष व्हावी असा अर्ज दिला आहे, न्यायाधीशांना तसा अधिकार आहे. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांग. रडू आले तर रड, पाणी पी, आणि मग उत्तर दे. घाई त्यांना आहे, तुला नाही.

मी गेली वीस वर्षे सभांमधून गरजत आले. माईक हातात आला की माझ्या अंगात वारे संचारते. पण समोर शत्रू, हातात माईक नाही आणि बोलायचे ते स्वतःच्या अंगावरचे, असे भाषण मला एकदाही द्यावे लागले नाही. ते तू देणार आहेस. कार्बनवरून तुझी केलेली थट्टा मी या पत्राने मागे घेते. पोच दे.

तुझी चेली,
येसूआत्या


कुंडल
२० एप्रिल १९७५

ती. येसूआत्यास,

सविनय जयभीम वि. वि.

तुम्ही साक्षीनंतर साताऱ्याला गेलात आणि निकालाच्या दिवशी तापाने येऊ शकला नाहीत, म्हणून सगळे सविस्तर लिहिते.

तुमच्यामागे मालकाची साक्ष झाली. तो शपथेवर म्हणाला की कडी ठणठणीत होती, कधी कुणाची तक्रार आली नाही, बाईंनीच दार उघडले असणार. सरकारी वकिलांनी त्याला पूर्ण बोलू दिले. मग स्थळप्रत पुढे केली. न्यायाधीशांनी लॉजचे रजिस्टर मागवले आणि मॅनेजरची सही त्याच्याशेजारी ठेवून चष्मा वर-खाली करीत पाहिली. सहीचे शेपूट दोन्हीकडे सारखेच. मालक तीनदा पाणी प्याला.

त्यांचे वकील म्हणाले की कागद मागाहून बनवला. म्हणून नाथाजी गुरुजींना बोलावले. गुरुजी आवक नोंदवही धुतलेल्या पंच्यात बांधून घेऊन आले होते. मागाहून शिक्का मारला काय असे विचारताच ते इतके दुखावले की त्यांचा आवाजच चढला. म्हणाले, क्रमांक २११ देवी टोचणाऱ्यांचे पत्र, क्रमांक २१३ खडूच्या पेटीची पावती, मधे हा कागद. खडूची पेटी खोटी ठरवायची असेल तर शाळेत येऊन फळा पाहा. न्यायाधीशसुद्धा हसले.

आईलाही बोलावले होते. तिने सांगितले की साडी मी धुतली, पोरीनं न्हाई, दोष द्यायचा तर मला द्या. तिला कुणी दोष दिला नाही.

सात वर्षांची सक्तमजुरी झाली. निकालात लिहिले आहे की फिर्यादीची साक्ष स्वतःच विश्वास ठेवण्याजोगी आहे, आणि कागदाने तिला पुष्टी मिळते. आधी माझा शब्द, मग कागद, असा क्रम आहे. मी ते वाक्य किती वेळा वाचले हे सांगत नाही. ते वरच्या कोर्टात जातील असे कळते. जाऊ देत. मालकावरच्या दाव्याची पुढची तारीख जूनमध्ये आहे.

सगळे छान झाले असे नाही. लाउडस्पीकर लागला की माझे हातपाय अजून गार पडतात. शाळेतल्या दोन बाई माझ्याशेजारी डबा खात नाहीत. पण वर्गात मुलींची हजेरी कमी झालेली नाही, उलट मागच्या आठवड्यात कुपवाडहून एक बाई मला शोधत आली. कारखान्याच्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या बंगल्यात ती झाडलोट करायची. तिने फक्त विचारले, कुठून सुरुवात करायची असती, बाई? मी तिला पाणी दिले, टेबलावर दोन कोरे कागद ठेवले आणि मधे कार्बन घातला. तिचा पत्ता सोबत पाठवते. तिला तुमची गरज आहे.

आत्या, तुम्ही ‘शेजारी’ असे लिहिले होतेत. सगळ्या कोर्टात मला तो एकच शब्द ऐकू येत होता.

या पत्राची स्थळप्रत ठेवली आहे.

प्रेम आहे तसे राहू द्या.
आपली,
शालू

ता. क. निकालाची नक्कल अण्णांनी तीन दिवस अक्षरे जुळवत वाचली. आज सकाळी ती माझ्या टेबलावर परत ठेवलेली सापडली. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिले आहे: ‘पाहिले. गुंडा भंडारे, शालूचा बाप.’