दादासाठी दहाची वेळ

दादा,
सप्रेम जयभीम.

तुझ्या भाच्याच्या, आपल्या राजकुमारच्या लग्नाला आठ दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस. मी लई थकलेय रे.

लग्न साडेबाराचं होतं. तुला एकट्यालाच मी दहा सांगितलं, कारण माझ्या लग्नात तू जेवणं उरकल्यावर पोचला होतास. कार्डावर खरी वेळ होती, म्हणून तुला कार्डच धाडलं नाही.

त्या सकाळी कार्ड हातात असलेले पाहुणेसुद्धा विचारत होते, गारखेड्यात हॉल नेमका कुठं? मी फोनवर रस्ता सांगत राहिले. तुझे सात मिस्ड कॉल संध्याकाळी दिसले. तोवर चार बायांत बोलून बसले होते, "दादा काय सुधरायचा नाय."

मग वॉचमननं साडीची पिशवी आणून दिली. "एक चाचा दस बजे से बैठे थे. हॉल खुलने के पहलेच चले गये."

आत तुझी चिठ्ठी होती. "रत्ना, या टायमाला वेळेवर आलो होतो. लग्न दुसरीकडं असंल, तर मला कुणी सांगितलं नाय."

पाकिटावर तुझा पत्ता लिहून झालाय. पण या पत्रातही खरी वेळ आहे, म्हणून हेही तुझ्या कार्डासारखंच कपाटात राहील.

तुझी,
रत्ना