गेरूच्या पट्ट्याची एक्केचाळीस झाडे

प्रति,
मा. उपअभियंतासाहेब,
रस्त्यांची कचेरी, मुक्काम पालघर, जिल्हा ठाणे.

अर्जदार : पुंजाराम खंडेराव, मैलकुली, राहणार रस्त्याकडेची चाळ, बोईसर.

विषय : रस्त्याकडेची पस्तीस झाडे चुकीने तोडली गेल्याबद्दल खुलासा, व त्यात अर्जदाराची बायको सौ. साखरबाई हिचा दोष नाही असे कचेरीचे पत्र तिच्या नावे मिळणेबाबत.

संदर्भ : आपले खुलासा मागणारे पत्र, दि. २ सप्टेंबर १९६८.

महोदय,

अर्जदारास लिहिता येत नाही. सबब हा अर्ज त्याच्या सांगण्यावरून शेजारी राहणारा नरहरी, निवृत्त शाळामास्तर, लिहीत आहे. आपण खुलासा चार ओळींत मागितला आहे. तो चार ओळींत मावत नाही, त्याला लिहिणाऱ्याचा इलाज नाही. साहेबांनी हवा तर चहा मागवावा, पण शेवटपर्यंत वाचावे. या चाळीत एक बाई तेवीस दिवस धड जेवलेली नाही, आणि तिच्या पोटात चार घास जाणे आता आपल्या शिक्क्यावर अडले आहे.

१. पुंजाराम मूळचा नगरकडचा. सन १९६० साली बायको आणि सुलू नावाची मुलगी घेऊन तो बोईसरला आला आणि मैलकुली म्हणून लागला. आपल्या वाटणीच्या एका मैलाचे खड्डे बुजवायचे, गटारे काढायची, हे त्याचे काम. त्या वेळी या मैलावर सावली म्हणून नव्हती. पुढल्या वैशाखात सात वर्षांची सुलू बापाची भाकरी घेऊन भर दुपारी निघाली आणि रस्त्यातच पडली. ऊन लागले होते. दिवस मावळायच्या आत पोर गेली. भाकरी बांधून तिला धाडले होते साखरबाईने. पुंजारामने बायकोला त्याबद्दल कधी एका शब्दाने बोल लावला नाही.

२. त्याच पावसाळ्यात दोघांनी रस्त्याच्या कडेला झाडे लावायला घेतली. कोणी सांगितले नव्हते, कोणी विचारलेही नाही. शेजारच्या पाम गावचा वाडीवाला भगवंत आधी हसला. म्हणाला, ‘सरकारी रस्त्याला कोण झाडं लावतो? येडा हाय का तू?’ आणि मग त्यानेच करंजाची आणि सावलीच्या रानभेंडीची रोपे दिली. पुंजाराम खड्डे खणी, साखरबाई चाळीच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणी. गुरांपासून राखायला काट्यांची कुंपणे केली. एक्केचाळीस झाडे जगली. साहेब जीपमधून येतात, त्यांना कदाचित जाणवले नसेल, पण आमच्या चाळीला पत्र्याचे छप्पर आहे. पूर्वी दुपारी आत भाकरी थापायला बसवत नसे. गेली दोन वर्षे सावली दारापर्यंत येत होती आणि बाया भर दुपारी दारे उघडी टाकून तांदूळ निवडत बसत होत्या. दांडी गावची जमुना कोळीण मासळीची टोपली घेऊन बाजाराला जाताना इथेच टेकायची. म्हणायची, ‘आमची मासली इथपत्तर ताजी ऱ्हाते, ती या बायच्या पुण्याईनं.’ साखरबाई हे ऐकून लाजून हसायची. सुलू गेल्यानंतर तिला हसताना आम्ही पाहिले ते एवढेच.

३. आता गेरूचे. श्रावणात उघडीप पडली तेव्हा आपली माणसे रस्ता रुंद करण्यासाठी मोजणी करून गेली आणि वळणावरच्या सहा झाडांना गेरूचा पट्टा मारून गेली. पट्टा म्हणजे तोड, हे पुंजारामला पक्के ठाऊक होते. रात्रंदिवस रस्त्यावरचा माणूस तो. साखरबाईने विचारले, हे काय लावले? त्याची जीभ रेटेना. तो बोलून गेला की, साहेबांना झाडे आवडली, त्यांनी मान दिला. तोड दिवाळीनंतर निघेल, तोवर सांगू कधीतरी, असा त्याचा हिशेब. साहेब, या अर्जात गुन्हा असेल तर तो हा एवढाच आहे, आणि तो पुंजारामचा आहे.

४. पुढे पोळा आला. आपल्याकडे किनाऱ्याला पोळ्याचे फारसे कोणाला सोयरसुतक नाही, पण घाटावरच्या माणसाला तो सण चुकत नाही. गावचे बैल केव्हाच विकलेले. म्हणून ही दोघे दरवर्षी दारासमोरच्या एका करंजालाच बैल मानीत, त्याला गेरू लावीत, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवीत. यंदा पुंजाराम दांडीच्या बाजूला मोरीच्या कामावर गेला होता. साखरबाईच्या मनात आले, सरकारने सहा झाडांचा पोळा केला, मग बाकीच्यांनी काय घोडे मारले? तिने गेरू कालवला आणि दिवसभर खपून उरलेल्या पस्तिसांना आपल्या हाताने पट्टे ओढले. दिवेलागणीला पुंजाराम परतला आणि पाहतो तो सगळा रस्ता तांबडा. पण बाई दारात उभी राहून हसत होती. सकाळी धुऊन टाकू, असे मनाशी म्हणून तो पुरणपोळी खाऊन झोपला.

५. सकाळी तो हजेरीला गेला तेवढ्यात तोडीची टोळी आली. ठेकेदाराला म्हणे दिवाळीपर्यंत दम नव्हता. टोळीच्या मुकादमाजवळ कागद होता की, पट्टा असलेली झाडे पाडावीत. साखरबाई आडवी गेली. तो म्हणाला, ‘बाई, लाल पट्टा है, कटेगा. हम क्या करें?’ त्याचेही खरेच होते, त्याला आम्ही दोष देत नाही. तिने सांगितले, पट्टा मी मारला, सणाचा आहे. त्याला ते कळलेच नाही. ती दारासमोरच्या करंजाला मिठी मारून उभी राहिली. जमुना तिथे होती. ती सांगते, ‘आमी चौघींनी वढून बाजूला केली, नाय तर झाड तिच्याच अंगावर आलं असतं.’ पुंजाराम परतला तेव्हा मैलभर ऊन पडले होते.

६. त्या दिवसापासून बाई बोलत नाही. बोलते ते एकच : ‘पोरगी माझ्या हातानं गेली, झाडं बी माझ्याच हातानं गेली.’ बोटे दगडावर घासत बसते. गेरू कधीच निघाला, आता कातडी निघते आहे. पुंजारामने तिचे पाय धरून सांगितले की, पट्ट्याचे मला ठाऊक होते, मी खोटे बोललो, दोष माझा. तिला वाटते नवरा आपली समजूत घालतोय. जन्मभर तिला सांभाळून घेतले त्याने, त्याचे हे फळ. आता त्याच्या शब्दावर तिचा विश्वास नाही. सरकारच्या कागदावर अजून आहे.

सबब विनंती अशी :

पुंजारामला जी शिक्षा द्यायची ती द्यावी. कामावरून काढले तरी त्याची तक्रार नाही. रस्ता रुंद झाल्यावर जी कड उरेल तिथे तो पुन्हा खड्डे खणेल, फक्त परवानगी असावी. मात्र साखरबाईच्या नावे कचेरीचे एक पत्र यावे की, एक्केचाळीसही झाडे तोडायचे आधीच ठरले होते.

हे खरे नाही, हे लिहिणाऱ्याला कळते. तीस वर्षे मुलांना खरे बोलावे म्हणून शिकवले आणि म्हातारपणी हे लिहितो आहे. साहेबांनाही खोट्यावर सही करणे जड जाईल. त्याला एक तोड सुचते. उरलेली पस्तीस झाडे आपण मागल्या तारखेने हुकुमात घालावीत, म्हणजे पत्र खरेच होईल. पडलेल्या झाडांचे त्यात काही जात नाही.

पत्र डाकेने न धाडता खाकी कपड्यातल्या शिपायाच्या हाती, दिवसाउजेडी धाडावे. तिला वाचता येत नाही, पण गोल शिक्का ती ओळखते. वाचून मी दाखवीन.

आपल्या एका सहीकडे डोळे लावून बसलेला,
पुंजाराम खंडेराव
(डाव्या हाताचा अंगठा)

लिहिणार : नरहरी मास्तर
बोईसर, दि. १६ सप्टेंबर १९६८

सोबत : कचेरीचा वेळ जाऊ नये म्हणून पत्राचा मसुदा करून जोडला आहे. फक्त सही व शिक्का हवा.

‘सौ. साखरबाई पुंजाराम, राहणार बोईसर, यांस कळविण्यात येते की, आपल्या चाळीसमोरील रस्त्याकडेची सर्व एक्केचाळीस झाडे तोडण्याचा हुकूम पोळ्यापूर्वीच झालेला होता. आपण गेरू लावला नसता तरी ती राहिली नसती. या कामी आपल्या हातून कोणतीही चूक झाल्याचे कचेरीच्या दप्तरी आढळत नाही. सबब आपण जेवावे.’