पाठमोरं घर

केत्रू बेट,
१२ मे १९९७

श्री. बाल्दोमेरो कार्कामो यांस,

इकडे आम्ही दोघं उभे आहोत. तिकडे आल्दाई बेटावर तुम्हीही असाल असं धरून चालतो. बटाटे मध्यम आले, सफरचंदाची दारू गाळून झाली. अक्षर वाकडं दिसेल. दोष पेनाचा आहे.

एप्रिल सरता सरता वादळ झालं. रेडिओवाले वायव्येचा वारा म्हणत होते. तो उत्तरेचा होता. त्यानं आपल्या घराचं, म्हणजे माझ्या घराचं, निम्मं छप्पर उचलून नेलं. दोन पत्रे पाद्र्याच्या बागेत सापडले, दुमडलेले. बाकीचे समुद्रानं ठेवून घेतले. ओर्फेलिनानं पलंग स्वयंपाकघरात चुलीपाशी ओढलाय. जूनचा पाऊस लागला की तिथेही गळेल. छप्पर चढवायला माणसं येतील, दिवसाला दिवस देऊन मी फेडीन. पण पत्रे काही कुणाच्या परसात उगवत नाहीत.

नगरपालिका अशा घरांना मदत देते म्हणे. मी जाणार नव्हतो. ओर्फेलिना म्हणाली, "तुमचा मान घाला छपरावर, म्हणजे गळायचं थांबेल." म्हणून गेलो.

तिथे समाजकल्याणाच्या बाई आहेत, यास्ना नावाच्या. वयानं पोर. मदत एकदाच मिळते, हे तिनं दोनदा सांगितलं.

"फेडायची कधी?" मी विचारलं.

"फेडायची नाही काका."

"मग तुम्हाला काय मिळणार?"

"काही नाही."

काही नको म्हणणाऱ्यापासून मी नेहमी चार हात लांब राहतो. शेजाऱ्यानं दिवस दिला तर त्याच्या शेतात जाऊन तो परत करता येतो. नगरपालिकेच्या शेतात कुठे जायचं? निवडणुका तर पुढे आहेतच. तरी बसलो, कारण खुर्ची चांगली होती.

मग तिनं नोंदवही उघडली. नोंदीप्रमाणे माझ्या जागेवर बटाट्याचं शेत आहे. घर नाही. घर अजून आल्दाई बेटावर, तुमच्या जमिनीत उभं आहे. म्हणजे गेली एकोणीस वर्षं मी बायकोसकट बटाट्यांत राहतो. घर पिंपांवर तरंगवून खाडीपलीकडे आणलं, हे कुणी कागदावर चढवलंच नाही. इथे घरं बैल आणि होड्या नेतात. त्यांना कागद कोण विचारतो?

आता ज्याच्या जमिनीत नोंद आहे, त्यानं जातीनं कचेरीत येऊन सांगायचं, की घर इथून गेलं आणि ते रोसामेलचं आहे. महिनाअखेरीपर्यंत. नाहीतर पैसे पुढच्या घराला जातील.

हे ऐकून मी उठत होतो, तर ती बाई सहज म्हणाली, "ते पाठमोरं घर ना?"

हे तिला कुणी सांगितलं?

भरती फिरली आणि घर पाण्यात गिरकी घेऊन उलटं किनाऱ्याला लागलं, ही गोष्ट घर आणलं त्या एका दिवसाची. पुढच्याच उन्हाळ्यात मी समुद्राच्या बाजूला दार कापलं, पायऱ्या बांधल्या. आज बघणाऱ्याला पाठ कुठली नि पोट कुठलं, कळणार नाही. होड्यांवर होते त्यातले निम्मे वारले, उरलेले पोटापाण्यासाठी दक्षिणेला पुंता आरेनासला गेले. पलीकडच्या किनाऱ्यावर उभे राहून घर फिरताना बघणारे एक तुम्ही होतात. आणि तुम्ही हसलात. मी पाहिलं.

तेव्हा माझा सरळ प्रश्न. तुम्ही माझ्याआधी कचेरीत जाऊन आलात का? आणि गेला असाल, तर तिथे काय बोललात? "जमीन बाल्दोमेरोला, घर रोसामेलला," असं बाबा म्हणाले तेव्हा खोलीत आपण दोघंच होतो. तुम्ही एक वाक्य फिरवलंत की माझ्याकडे छप्परही नाही आणि घरही नाही.

दुसरंही एक विचारून घेतो, लिहायला बसलोच आहे तर. घर ओढायच्या दिवशी मी दारोदार विनंती करत फिरलो, तुझ्या दाराशी आलो नव्हतो. तरी तू बैल घेऊन आलास. सगळ्यांच्या पुढे जोडी जुंपलीस. आपल्या जमिनीतून माझं घर तूच उपटून काढलंस. इतकी घाई होती? आणि ओढून झाल्यावर जेवायला आला नाहीस. जेवला असतास तर बैलांचं ऋण तिथल्या तिथे फिटलं असतं. तू उपाशी गेलास, मला मुद्दाम तुझ्या जुवाखाली ठेवून.

असो. कचेरीत गेला होतात की नाही, तेवढं कळवावं. मी काही मागत नाही.

आपला,
रोसामेल कार्कामो
होड्या बांधणारा


केत्रू बेट,
२४ मे

दादा,

नोलास्कोची नाव आज आल्दाईहून आली. मी धक्क्यावरच होतो, दुसऱ्या कामानं.

"पत्र कुठाय?" मी विचारलं.

"पत्र नाही. निरोप आहे," नोलास्को नावेतूनच ओरडला. "त्यानं सगळ्या नावेसमोर सांगितला, तर मीही सगळ्या नावेसमोर सांगतो. म्हणाला, कसली कचेरी? दिवाळखोर डोकं आहे त्याचं. म्हणाला, त्या घराचं जेवण माझं अजून बाकी आहे. मी किनाऱ्यावर उभा होतो, तू पण नावेत बस असं मला कुणी म्हटलं नाही. आणि म्हणाला, हात कसा आहे ते विचार त्याला."

सगळी नाव हसली. कोंबड्या घेऊन बसलेली एक म्हातारी तर डोळे पुसत होती.

म्हणजे हाताचं तुला नोलास्कोनंच सांगितलं. तो मीठ पोहोचवायच्या आधी बातमी पोहोचवतो. तर ऐक, उरलेले पत्रे ठोकायला चढलो आणि पडलो. उजवं मनगट मोडलंय. हे डाव्या हातानं लिहितोय. पेन चांगलं आहे. होडीचं काम हातात होतं ते दुसऱ्याकडे गेलं. म्हणून कचेरीत गेलो होतो, खुर्चीसाठी नव्हे.

काल त्या बाईकडे पुन्हा गेलो. म्हटलं, सरळच विचारावं. "माझं घर पाठमोरं आहे, हे तुला कोण बोललं?"

ती पोरगी हसायलाच लागली. "बोलायला कशाला हवं काका? मी इथलीच ना! बाबांच्या खांद्यावर बसून बघितलं. समुद्रातून घर येत होतं आणि खिडकीत तुमचं मांजर बसलं होतं. मग घरानं गिरकी घेतली आणि मांजर दिसेनासं झालं. मी रडले. पुढे कितीतरी दिवस बाबांना विचारत होते, आपलं घर कधी जाणार?"

मांजर होतं. करड्या रंगाचं.

आता तुला नावेत बस न म्हटल्याबद्दल. मला वाटतं, मी तुला हाक मारली होती. लाटांच्या आवाजात ऐकू गेली नसेल. ओर्फेलिना म्हणते, "कुठल्या लाटा? पाणी ताटासारखं होतं. म्हणून तर घर नेलंत." तू हसलास की नाही, हे खाडीपलीकडून दिसणं शक्य नाही, असंही तिचं म्हणणं आहे. ती इतकं बिनचूक कधीपासून बोलायला लागली, कुणास ठाऊक.

महिना संपायला आलाय, हे तुला मी सांगायला नको. पण अशी विनंती कागदावर करत नाहीत. आपल्याला बाबांनी शिकवलंय, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, टोपी हातात घ्यायची, घरचा माणूस आत ये म्हणेपर्यंत गप्प राहायचं. एकोणीस वर्षांपूर्वी तुझं एक दार मी गाळलं. म्हणून हे पत्र मागणीचं नव्हे, मी येतोय एवढं कळवायचं आहे. रविवारच्या नावेनं येतो. टोपी डाव्या हातात असेल. तो मानापमानाचा विषय करू नकोस.

टोपलीत बटाट्याच्या भाकऱ्या असतील, डुकराची चरबी आणि कुरकुरीत तुकडे घालून केलेल्या, आणि धुरी दिलेल्या शिंपल्या. सफरचंदाची दारूही. आधी ते खा. हवं तर आत बसून खा, हवं तर किनाऱ्यावर जिथे उभा होतास तिथेच उभा राहून. मग मी विचारीन. नाही म्हणालास तरी टोपली परत नेणार नाही, ती त्या दिवसाची आहे.

कुत्रा बांधून ठेव. मला बघून तो तूच सोडतोस, हा माझा संशय अजून गेलेला नाही.

आणि हो म्हणालास तर सोमवारी माझ्याबरोबर नावेत बस. कचेरीचं आटोपलं की घरी ये. पलंग स्वयंपाकघरात आहे, कोरड्या बाजूला तू झोप. बस म्हणतोय मी, दादा. या वेळी लिहून दिलंय, लाटांचं कारण चालणार नाही.

नावेत तुझी जागा धरून बसलेला,
तुझा धाकटा
रोसामेल